चुकामूक झाली तर दीपमाळेपाशी

दिल्लीला पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं, याचा आमच्या घरात एक ठरलेला क्रम आहे. आधी इंडिया गेट, कारण ते फुकट आहे आणि शेजारी आइस्क्रीम मिळतं. मग कुतुबमिनार. मग करोल बाग, कारण तिथं बायकोचं माहेर आहे आणि पाहुण्यांना कुणाकुणासाठी स्वेटर घ्यायचे असतात. मधेच एक दुपार कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात, वरणभाताची आठवण भागवायला. एवढं करूनही पाहुणा "बरंय" यापलीकडं बोलेना, तर अक्षरधाम. हे आमचं ब्रह्मास्त्र आहे.

यंदा माघात शालूआत्या आली आणि ब्रह्मास्त्र बाहेर काढायची वेळ आली.

शालूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. गाव औंध. पुण्यातलं नव्हे, साताऱ्याकडचं, यमाईचं. हा खुलासा केला नाही तर आत्या रागावते. तिथल्या मुलींच्या शाळेत तिनं हयातभर भूगोल शिकवला. वडिलांच्या सारख्या बदल्या व्हायच्या म्हणून पाचवीपासून दहावीपर्यंत मी तिच्याकडंच होतो. तिनं लग्न केलं नाही. आता सत्तरी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात, आणि मागल्या श्रावणात ती न्हाणीत घसरून पडली ते शेजारणीला कळायला दुपार उलटली. तेव्हापासून मी आणि माझी बायको सायली तिच्या मागं लागलो होतो, आमच्याकडं नोएडाला ये, कायमची ये. "पौषातली यात्रा होऊ दे, मग येते. कायमचं ते बघून सांगते," असं म्हणून ती आली, ती परतीचं तिकीट काढूनच. ते तिकीट तिनं आमच्या देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागं उभं करून ठेवलं. त्यामुळं रोज सकाळी हात जोडले की मला त्याचंही दर्शन घडायचं.

आणि नोएडानं पहिल्याच आठवड्यात घात केला. आत्या एकटी कोथिंबीर आणायला उतरली आणि परतताना तिला आमचं घर सापडेना. तिची चूक नाही. आमच्या सेक्टरमध्ये सगळ्या इमारती एका रंगाच्या, एका उंचीच्या. प्रत्येकीच्या फाटकात तोच गार्ड बसलाय असं वाटावं इतके गार्डही सारखे. शेवटी त्यांच्यातल्याच एकानं तिला आणून दारात सोडलं. जन्मभर पोरींकडून नकाशे काढून घेणाऱ्या बाईला गार्डनं हाताला धरून घरी आणावं, हे तिला फार लागलं.

"आकड्यांचं गाव आहे हे," ती म्हणाली. "सेक्टर अमुक, ब्लॉक तमुक, फ्लॅट ढमुक. खुणेला एक मारुती नाही, पार नाही, वेस नाही. माणसानं घर शोधायचं का गणित सोडवायचं?"

त्या दिवसापासून ती खाली उतरलीच नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे बघायची. ज्या माणसानं मला सायकलवर पुढं बसवून सगळा तालुका दाखवला, ते माणूस माझ्या घरात असं बसलेलं मला बघवत नव्हतं. तिकिटाची तारीख जवळ येत होती. ती यावेळी गेली तर पुन्हा येणार नाही, हे मला कळत होतं आणि सायलीलाही.

"सुहास, यार, अक्षरधामला नेऊ या त्यांना," सायली म्हणाली. सायली जन्मानं आणि कर्मानं करोल बागची; तिच्या मराठीत 'यार' हा पूर्णविराम असतो. "देवळाला कोणी ना करत नाही. बिल्कुल खूश होतील."

तर मंडळी, तुम्ही जाणार असाल तर पहिली सूचना. सोमवारी जाऊ नका, बंद असतं. रविवारी जाऊ नका, कारण तेव्हा सगळी दिल्ली तिथं असते आणि उरलेली वाटेत असते. आम्ही माझी एक रजा आणि लेकीची एक शाळा बुडवून मधल्या वारी गेलो. आमची लेक ईरा तिसरीत आहे. शाळा बुडणार म्हटल्यावर तिची देवावरची श्रद्धा एकदम वाढली.

नोएडाकडून जाणं अगदी सोपं. घरापासून सायकलरिक्षानं सिटी सेंटर स्टेशन, तिथून मेट्रो, गाडी बदलायची भानगड नाही. मेट्रो वरून धावते, त्यामुळं आत्यानं खिडकी पकडली. नोएडा संपून मयूर विहार लागलं तशी ती जरा खुलली. "यमुना कुठल्या बाजूला?" असं तिनं विचारलं आणि आम्हा तिघांनी तीन दिशांना हात केले. अक्षरधाम नावाचंच स्टेशन आहे. उतरलात की पुढं चुकायला वाव नाही. सगळी गर्दी तिकडंच चाललेली असते. रिक्षावाले "बहुत दूर है" सांगतील. त्यांच्याकडं बघून हसायचं आणि चालत राहायचं.

दुसरी सूचना, आणि ही महत्त्वाची. आत मोबाइल नाही, कॅमेरा नाही, बॅग नाही, घरचं खाणं नाही. सगळं बाहेरच्या खिडकीवर जमा करून टोकन घ्यायचं. म्हणूनच या पोस्टमध्ये एकही फोटो नाही, माझा आळस म्हणून नव्हे. माझा मोबाइल, सायलीचा मोबाइल, आणि आत्याचा मोठ्या बटणांचा मोबाइल, असे तिन्ही एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवले. आत्याची कापडी पिशवीही गेली. तिच्यात नारळ होता. औंधहून आणलेला, "तिकडच्या देवाला आपल्याकडचा" म्हणून. नारळ फोडायची तिथं सोय नाही, हे आम्ही तिला सांगितलं नव्हतं. पिशवी आत जाताना तिनं नारळाकडं असं बघितलं की मला त्या खिडकीवरच्या माणसाची काळजी वाटली.

रांगेत शिरायच्या आधी ती थांबली, आम्हा तिघांना समोर उभं केलं आणि शाळेच्या सहलीच्या आवाजात म्हणाली, "गर्दी आहे. चुकामूक झाली तर दीपमाळेपाशी यायचं. कळलं?"

मी मान हलवली. विचार करून नाही, सवयीनं. यमाईच्या यात्रेत शिरताना दरवर्षी ती हेच वाक्य म्हणायची. हरवलेल्यानं उगाच इकडंतिकडं धावायचं नाही, दीपमाळ सगळीकडून दिसते, तिच्याकडं बघत चालायला लागायचं. शोधणाऱ्यानंही तिथंच यायचं. दर यात्रेला एकदा तरी मी त्या दीपमाळेखाली भोंगा पसरून उभा राहिलोय आणि दर वेळी आत्या आलीय.

"चुकामूक म्हणजे काय?" ईरानं विचारलं.

"म्हणजे, चूक झाली आणि मग मूक झालो," सायली आत्मविश्वासानं म्हणाली.

आत्या हसायला लागली. आल्यापासून पहिल्यांदा. "अगं नाही. तू मला शोधतेस, मी तुला शोधते. तसं बघितलं तर दोघींतलं कुणीच हरवलेलं नाही, पण भेट काही होत नाही. ती चुकामूक."

"हिंदीत काय म्हणतात त्याला?"

"हिंदीत फोन करतात," सायली म्हणाली.

या हशात दीपमाळ म्हणजे काय, हे विचारायचं राहूनच गेलं. सायलीला तो शब्द माहीत नव्हता, पण नवऱ्याच्या आत्यासमोर एकदा तोंडघशी पडल्यावर दुसऱ्यांदा विचारायची तिची तयारी नव्हती. आणि ईराला वाटलं, मोठ्यांना माहीत असेल.

आत गेलात की आधी दरवाजेच दरवाजे लागतात. मग मोर. एका दरवाजावर इतके मोर कोरलेत की ईरानं मोजायला सुरुवात केली आणि आम्ही तिला ओढत पुढं नेलं. मुख्य मंदिर लांबून गुलाबी दिसतं, जवळ गेलं की आतला पांढरा संगमरवर. खांब, छत, कोपरा, कोपऱ्याचा कोपरा, सगळीकडं नक्षी. भव्य आहे, यात वाद नाही. मी चौथ्यांदा बघत होतो तरी मान वर ती वरच. आत्या एका खांबाभोवती फिरून आली. मग म्हणाली, "भिंतीला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही रे." पण म्हणताना तिची मान माझ्यापेक्षा वर होती.

मंदिराच्या चौथऱ्याला सगळ्या बाजूंनी दगडी हत्ती आहेत. घाई करू नका, एकेक बघा. पाणी उडवणारे, माणसांशी खेळणारे, रुसलेले. तिथं एका हत्तीच्या पिल्लाच्या सोंडेकडं आत्याचा हात आपोआप गेला. एक तरुण स्वयंसेवक लगबगीनं पुढं आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "माताजी, कृपया छूने की चेष्टा न करें."

आत्यानं हात मागं घेतला. चेहरा पडला. "अहो, चेष्टा कुठं केली? मला कौतुक वाटतंय त्या पिल्लाचं!"

तो गोंधळला. सायली मधे पडली. "आत्या, हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश. प्रयत्न."

"असं होय? म्हणजे इथली माणसं दिवसभर चेष्टा करतात आणि त्याला प्रयत्न म्हणतात?" मग माझ्याकडं वळून, "तुझ्या ऑफिसचं असंच ना रे?"

मी पुढं सरकलो. हत्ती बघितले.

दुपारी जेवण आतल्याच उपाहारगृहात. कांदा-लसूण नाही, शाकाहारी, स्वच्छ. छोले-भटुरे, डोसा, खिचडी, सगळं मिळतं. खिचडी घ्या. रोख पैसे जवळ ठेवा, कारण तुमच्या बाकीच्या वस्तू बाहेर ट्रेमध्ये आराम करत असतात. ईरा भटुऱ्याच्या फुग्याला बोट लावून म्हणाली, "आत्याआजी, मला खूप भूक लागून राहिली होती." हे आमच्या घरचं मराठी. आत्यानं डोळे मिटले, एक घास घेतला आणि सोडून दिलं.

मंदिरात जायला तिकीट नाही, पण आतल्या प्रदर्शनांना आहे. सगळं एकत्र मिळतं, आधी काढून ठेवा. हलणाऱ्या, बोलणाऱ्या पुतळ्यांचं दालन आहे, मोठ्ठ्या पडद्यावरचा चित्रपट आहे, आणि मग बोटीतून सफर. अंधारातून बोट आपोआप सरकत जाते आणि दोन्ही काठांना प्राचीन भारत मांडलेला. गुरुकुल, बाजार, शल्यक्रिया करणारे वैद्य, नाट्यशाळा. पुतळे मोठे देखणे आहेत आणि सगळे फार उद्योगी. प्राचीन भारतात कुणी नुसतं बसलेलं नव्हतं, हे मला तिथं कळलं.

बोटीत चढताना अंधार बघून आत्यानं ईराला जवळ ओढलं. "माझं बोट सोडू नकोस हं."

"आत्याआजी," ईरा समजुतीच्या सुरात म्हणाली, "ही बोट त्यांची आहे."

मागच्या ओळीतला कुणी मराठी कळणारा खो खो हसला. मग मला ऐकू आलं, आत्या अंधारात ईराला हाताचं बोट, पाण्यातली बोट आणि 'बोट दाखवणं' समजावतेय. प्राचीन भारत तसाच मागं सरकत राहिला. या दोघींनी तो बघितलाच नाही.

बाहेर आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. संध्याकाळी अंधार पडला की पायऱ्यांच्या मोठ्या कुंडात कारंज्यांचा आणि दिव्यांचा खेळ असतो. तो चुकवू नका. आम्ही चुकवला, आणि कसा ते आता सांगतो.

खेळाच्या तिकिटाची रांग लांब होती. मी रांगेत उभा राहिलो. सायली म्हणाली, मी पुस्तकांच्या दुकानात डोकावून येते. आत्या म्हणाली, "गुडघे थांबून दुखतात, चालून नाही. मी आणि ईरा देवळाला एक प्रदक्षिणा घालून इथंच येतो." असे आम्ही तीन वाटांनी गेलो. 'इथंच' म्हणजे कुठं, हे कुणी ठरवलं नाही, कारण ठरवायची सवयच गेलीय. आपण कुठं आहोत ते नंतर फोनवर सांगायचं असतं.

रांग पुढं सरकली, वळली. दिवे लागले. आधीच्या ठिकाणच्या सगळ्या खुणा बदलल्या. शाळेच्या सहलींचे दोन लोंढे आले आणि गेले. मला रांगेत आत्या दिसेना, ईरा दिसेना. मी रांग सोडली आणि पुस्तकांच्या दुकानात गेलो, तर सायली नव्हती. ती मला शोधायला रांगेकडं गेली होती, हे मला नंतर कळलं.

खिशात हात घातला. हाताला फक्त टोकन लागलं.

मग आठवलं, चुकामूक झाली तर दीपमाळेपाशी. किती हायसं वाटलं मला! मान वर केली आणि दीपमाळ शोधायला लागलो. घुमट दिसले, कळस दिसले, कमानी दिसल्या. दीपमाळ दिसली नाही. मी मंदिराच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलो, बागेच्या टोकाला गेलो, आणि तिथं उभा असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दीपमाळ आपल्याकडं असते, इथं नाही. तीन वेळा येऊन गेलेल्या मला हे चौथ्या वेळी कळलं. यमाईच्या दारातला दगडी खांब मी मान हलवून नोएडाशेजारी आणून उभा केला होता.

चौकशीच्या टेबलाशी एक प्रौढ स्वयंसेवक बसले होते. मी धापा टाकत हिंदीत सांगितलं, "मेरी बुआजी और बेटी दीपमाल के पास गई हैं."

ते शांतपणे म्हणाले, "भाईसाहब, दीपमाल नाम की यहाँ कोई चीज़ नहीं है."

"हाँ, वो मुझे पता है."

"फिर वो वहाँ गईं कैसे?"

मी पुन्हा एकदा घुमटांकडं बघितलं. "घबराइए मत, यहाँ कोई खोता नहीं," असं म्हणून त्यांनी मला पाणी दिलं आणि आत्याच्या साडीचा रंग विचारला. निळा म्हणालो, मग हिरवा म्हणालो, मग पाणी प्यालो.

खरं सांगतो, मला भीती वाटली. ईरा हरवेल याची नाही. आत्याच्या हातातून पोर सुटत नाही. भीती वेगळीच होती. कोथिंबिरीच्या दिवशी ती खाली उतरायची बंद झाली. आज या एवढ्या मोठ्या जागेत, जिथं तिची भाषा कुणाला कळत नाही, ती माझ्या नावानं हाका मारत फिरत असेल तर? मग ते अन्नपूर्णेमागचं तिकीट कुणी हलवू शकणार नव्हतं. मी तिला इथं आणलं ते ती राहावी म्हणून, आणि माझ्याच हातानं तिला घालवत होतो. कारंज्यांचं संगीत सुरू झालं. लोक टाळ्या वाजवत होते. मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी ठरवलं, बाहेर जाऊन मोबाइल घ्यायचा आणि सायलीला फोन करायचा. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की सायलीचा मोबाइल माझ्याच मोबाइलला खेटून पडलाय. तरी गेलो. दुसरं काही सुचेना.

जमा-खिडकीसमोरच्या कट्ट्यावर आत्या मांडी घालून बसली होती. साडी जांभळी. तिच्या एका बाजूला ईरा, दुसऱ्या बाजूला सायली, आणि तिघी मक्याच्या लाह्या खात होत्या.

"आला गं," आत्या म्हणाली. "आता सगळे झाले."

मी तिथंच बसकण मारली. "तू इथं कशी?"

"दीपमाळ नाही म्हटल्यावर मी विचार केला. जिथं येणं कुणाला चुकत नाही, अशी जागा कुठली? मग ईराला म्हटलं, चल गं, यांनी जीव जिथं जमा केलाय तिथं जाऊन बसू. मोबाइल टाकून कुठं जातायत?"

सायलीची कथा याहून बिकट होती. दीपमाळ म्हणजे दिव्यांची माळ, असं धरून ती पाण्याकाठच्या कमानींत ओळीनं लागलेल्या दिव्यांखाली इमानानं उभी होती. "मला वाटलं, क्या बात है, आत्यांनी जागा किती सुंदर निवडली," ती म्हणाली. मग तीही मोबाइलच्या आठवणीनं बाहेर आली. फोन कुणाला करणार, हा प्रश्न तिलाही खिडकीशी पोचल्यावरच पडला. शिवाय टोकन माझ्या खिशात होतं.

"आत्या, घाबरलीस का गं?" मी विचारलं.

"मी कशाला घाबरू? मी कुठाय ते मला ठाऊक होतं. हरवला होतात तुम्ही." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, पूर्वी यात्रेत फिरवायची तसाच.

आतून टाळ्यांचा आवाज येत होता. एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही, ही तिसरी सूचना. टोकन देऊन तीन मोबाइल आणि एक नारळ सोडवला आणि आम्ही स्टेशनकडं निघालो.

मेट्रोत ईरानं शेवटी विचारलंच. "पण दीपमाळ म्हणजे ॲक्चुअली काय?"

आत्यानं भूगोलाच्या तासाला बसावं तशी बैठक मारली. "देवळासमोर उंच दगडी खांब असतो. इतका उंच की गावाबाहेरून दिसावा. त्याला गोल फिरून दिवे ठेवायला जागा केलेली असते. यात्रेच्या रात्री सगळे दिवे पेटतात. मग अंधारात कुणी कुठंही असो, त्याला कळतं, गाव त्या तिकडं."

समोरच्या सीटवरचा मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढून ऐकत होता. दिल्लीत नागरी सेवांच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांची जी एक थकलेली जात आहे, तिच्यातला. "आमच्या गावाला पण आहे," तो हळूच मराठीत म्हणाला आणि मयूर विहारला उतरून गेला.

सिटी सेंटरहून दोन सायकलरिक्षा केल्या. पुढच्या रिक्षात आत्या आणि ईरा, मागं आम्ही दोघं. आमच्या सेक्टरच्या चौकात तो हायमास्ट दिवा आहे, तुमच्याकडंही असेल. उंच लोखंडी खांब आणि वर टोकाला गोल कड्यात मोठे दिवे. मी रोज त्याच्याखालून जातो. आजवर मान वर करून पाहिल्याचं आठवत नाही.

पुढच्या रिक्षातून ईराची किंकाळी आली. "आत्याआजी! ती बघ दीपमाळ!"

रिक्षावाल्यानं घाबरून ब्रेक मारला. आम्हीही थांबलो. आत्या उतरली, खांबाच्या बुंध्याशी गेली, मान वर करून बघत राहिली. मला वाटलं, आता पोरीची चेष्टा करील. मराठीतली.

"कुठून कुठून दिसते ही?" तिनं विचारलं.

"आपल्या गॅलरीतून दिसते," ईरा म्हणाली. "मार्केटमधून पण दिसते. स्कूल बसमधून पण."

"मग झालं की." आत्यानं पिशवीत हात घातला. "दिवा आहे, देव नाही, तर नसू दे. नारळ वाढवल्याशिवाय कुणाला आपलं म्हणता येत नाही."

सायलीनं माझा दंड धरला. चौकात ट्रॅफिक होती, पाणीपुरीची गाडी होती, कारवाले हॉर्न वाजवत होते. आणि आमच्या आत्यानं त्या सरकारी खांबाच्या सिमेंटच्या चौथऱ्यावर औंधचा नारळ वाढवला. एका फटक्यात. खोबऱ्याचे तुकडे केले, दोन्ही रिक्षावाल्यांना दिले, पाणीपुरीवाल्याला दिला, हॉर्न वाजवणाऱ्या एका कारवाल्याच्या खिडकीतून आत दिला. त्यानं हॉर्न बंद करून तो कपाळाला लावला.

"किस भगवान का है, माताजी?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"दीपमाळ," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी दाढी करत असताना दार वाजलं. आत्या कोथिंबीर घेऊन परत आली होती. एकटी. "दीपमाळेकडं पाठ करायची, उजव्या हाताचं तिसरं फाटक," ती म्हणाली. "सोपं तर आहे. तुम्ही उगाच आकडे सांगत बसता."

अक्षरधामहून काय आणलं म्हणाल, तर हे. मंदिर सुंदर आहे, हत्ती तर फारच, आणि कारंज्यांचा खेळ आम्हाला अजून बघायचाच आहे. आत्या कायमची राहणार का, हे तिनं अजून सांगितलेलं नाही. विचारलं की म्हणते, बघते. तिकिटाची तारीख येऊन गेली. ते कागद म्हणून अजूनही अन्नपूर्णेच्या मागंच आहे. आता आमच्याकडं ऊन भाजायला लागलंय आणि दिल्लीच्या उन्हाळ्याला ती रोज नावं ठेवते, भाजी घेऊन आल्यावर.

परवा ऑफिसातून उशिरा निघालो. स्टेशनबाहेर एका अनोळखी रिक्षात बसलो आणि सेक्टर सांगितला, ब्लॉक सांगितला. त्यानं डोकं खाजवलं. मी चौक समजावून सांगायला लागलो, तसा तो मधेच म्हणाला, "अच्छा, दीपमाल? तो सीधे बोलिए ना!"